शुक्रवारचं तिकीट, शनिवारचं परीक्षण आणि दुसऱ्या आठवड्यातली मुलाखत

नाशिकमध्ये राहून नव्या सिनेमांवर लिहायचं म्हटलं की बहुतेकांचं डोकं आधी प्रेस शोकडे, म्हणजे पत्रकारांसाठी ठेवलेल्या खास खेळाकडे धावतं. प्रेस शो होतात मुंबईत, बहुधा अंधेरी-जुहूच्या बाजूला, प्रदर्शनाच्या एक-दोन दिवस आधी आणि पुष्कळदा संध्याकाळी. सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसनं जावं, तर सिनेमा संपेपर्यंत परतीची पंचवटी सुटून गेलेली असते. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला, त्यामुळे गाडीनं जाणं सोपं झालंय. पण पेट्रोल आणि टोल खिशातून भरून दर आठवड्याला हे करण्यात काही अर्थ नाही.

माझं ऐकाल तर निदान सुरुवातीला तरी प्रेस शोच्या यादीत नाव यावं म्हणून कुणाच्या मागे लागू नका. शुक्रवारचं तिकीट काढा. प्रेस शोला आजूबाजूला कलाकारांचे नातेवाईक, निर्मात्याचे मित्र आणि आपल्यासारखेच लिहिणारे बसलेले असतात. तिथल्या टाळ्यांवरून काही कळत नाही. उंटवाडीच्या सिटी सेंटर मॉलमध्ये शुक्रवारी दुपारी पैसे मोजून आलेली माणसं एखाद्या विनोदावर हसली नाहीत, तर ती मात्र लिहून ठेवण्यासारखी माहिती. शिवाय फुकट पाहिलेल्या सिनेमावर लिहिताना हात थोडा आखडतोच.

आणखी एक गोष्ट आधीच ठरवून टाका. परीक्षण आणि मुलाखत ही दोन कामं एकमेकांच्या पायात येतात. दिग्दर्शकासोबत तासभर बसून त्याचे हाल ऐकले, कर्ज ऐकलं, की मग उत्तरार्ध रेंगाळतो हे लिहिताना जीवावर येतं. म्हणून क्रम असा: आधी पाहणं, मग लिहून प्रसिद्ध करणं, आणि त्यानंतरच बोलणं. पुढचं सगळं या क्रमानंच सांगतो.

बुधवार-गुरुवारची तयारी

हिंदीच्या मोठ्या सिनेमांचं बुकिंग बरंच आधी उघडतं. छोट्या मराठी सिनेमाचे शो मात्र बुधवारी रात्री किंवा गुरुवारी कळतात, आणि तेही बदलतात. मल्टिप्लेक्सनी मराठी सिनेमाला दुपारी १२ ते रात्री ९ या वेळेत जागा द्यावी, असं राज्य सरकारनं २०१५ मध्ये ठरवलं. तरीही छोट्या सिनेमाच्या वाट्याला शहरात एखाद-दोनच शो येतात, आणि दुसऱ्या शुक्रवारी तेही राहतील याची खात्री नसते. त्यामुळे एका आठवड्यात हिंदी आणि मराठी दोन्ही असतील तर मराठी आधी पाहा. हिंदी सोमवारीही मिळेल. निघण्याआधी बुकिंगच्या अ‍ॅपवर किती खुर्च्या भरल्यात ते बघा. तिकिटं गेलीच नसतील तर शो रद्द होतो. पैसे परत मिळतात, पण तुमची दुपार जाते. अशा वेळी दुसरा शो कुठला गाठता येईल ते मनात असू द्या.

वाचायचं काय? श्रेयनामावली. दिग्दर्शक, पटकथा, छायालेखन, संकलन, ध्वनी, यांनी आधी काय केलंय एवढं पुरे. ट्रेलर एकदा पाहिला तर चालेल. मुलाखती आणि इतरांची परीक्षणं अजिबात नकोत. सिनेमा एखाद्या नाटकावर किंवा कादंबरीवर बेतलेला असेल तर मूळ संहिता मी सिनेमानंतर वाचतो. आधी वाचली की सिनेमा बघताना काय गाळलंय याचाच हिशेब डोक्यात चालू राहतो. पुस्तक लगेच हवं असेल तर सार्वजनिक वाचनालय आहेच; १८४० पासून ते नाशिककरांच्या सेवेत आहे आणि नाटकांच्या जुन्या आवृत्त्या अशा ठिकाणीच सापडतात.

अंधारात काय टिपायचं

सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र पडद्यावर येतं. लोक तेव्हा पॉपकॉर्न सांभाळत असतात. तुम्ही मात्र वाचा. वर्ग, भाषा आणि सिनेमाची लांबी टिपून घ्या. सिनेमॅटोग्राफ कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर ‘यूए’चे, म्हणजे मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहायच्या वर्गाचे, तीन भाग झालेत: ७+, १३+ आणि १६+. घरी लहान मुलं असलेल्या वाचकाला तुमच्या चार परिच्छेदांपेक्षा या एका ओळीचा जास्त उपयोग होतो. ती परीक्षणात वरच द्या, आणि त्या वयासाठी काय खटकण्यासारखं आहे तेही एका वाक्यात सांगा: मारामारी, शिव्या की मृत्यूचा प्रसंग.

फोन खिशात. हे शिस्तीसाठी नाही, कायद्यासाठी सांगतोय. हिरोची एंट्री, शिट्ट्या, दहा सेकंदांचं रील, हे आता सर्रास दिसतं. पण त्याच २०२३ च्या दुरुस्तीनं परवानगीशिवाय थिएटरात पडदा चित्रित करणं हा गुन्हा ठरवलाय. शिक्षा किमान तीन महिने ते तीन वर्षं कैद, आणि दंड किमान तीन लाख रुपये. परीक्षकाला यात कुठलीही सूट नाही. रील करायचंच असेल तर बाहेर येऊन लॉबीत स्वतःच्या तोंडानं बोला.

टिपणासाठी खिशात मावेल अशी छोटी वही आणि जाड उमटणारं पेन घ्या. एका पानावर एकच नोंद करा आणि लगेच पान उलटा, नाहीतर अंधारात ओळीवर ओळ चढते आणि घरी काही लागत नाही. आता नोंद कशाची करायची? मताची नाही. ‘छान’, ‘कंटाळवाणं’ असं लिहिलेलं पान रात्री निरुपयोगी ठरतं, कारण का छान ते आठवत नाही. जे दिसलं आणि ऐकू आलं ते लिहा: कॅमेरा कुठे होता, कोण कुणाकडे पाहत नव्हतं, संवादातले चार शब्द जसेच्या तसे, गाणं कुठल्या प्रसंगाला कापून आलं, लोक कुठे हसले, कुठे मोबाइल उजळायला लागले. मध्यंतराची वेळ नोंदवा. पूर्वार्ध आणि उत्तरार्ध किती-किती मिनिटांचे होते हे कळलं की ‘लांबला’ ही तक्रार नुसती वाटण्यापुरती राहत नाही.

आवाजाबाबत एक सावधगिरी. संवाद नीट ऐकू आले नाहीत तर लगेच ध्वनी विभागाला झोडपू नका. दोष त्या पडद्याच्या स्पीकरचाही असू शकतो. घरी हेडफोन लावून ट्रेलर ऐका आणि तो सिनेमा दुसऱ्या थिएटरात पाहिलेल्या कुणाला तरी विचारा. चित्र मळकट दिसलं तरी तेच. प्रोजेक्टरचा दिवा मंद असेल तर छायालेखक काय करणार? खात्री झाली नाही तर ‘मी पाहिलेल्या शोला’ असं स्पष्ट लिहा.

शेवटची नामावली संपेपर्यंत उठू नका. सफाई करणारे येऊन उभे राहतात, तरीही. लहान भूमिकेतल्या नटाचं नाव, स्थळांचे आभार, स्थानिक निर्मिती व्यवस्थापक, ही माहिती दुसरीकडे सहजासहजी मिळत नाही. त्यात नाशिकची नावं निघतात, आणि पुढच्या मुलाखती तिथूनच मिळतात.

परीक्षण लिहिताना

घरी आल्यावर वही न उघडता आधी जे मनात आहे ते लिहून काढा, वाईट मराठीत का होईना. मग वही उघडा. मनातलं आणि वहीतलं जुळत नसेल तर तिथे थोडं थांबा. बहुतेक वेळा खरं मत त्या फटीत असतं. शेवटच्या प्रसंगानं डोळ्यांत पाणी आलेलं असतं आणि वही सांगते की मधला पाऊण तास तुम्ही घड्याळ बघत होतात. दोन्ही लिहा.

कथा किती सांगायची? मध्यंतरापर्यंतही नको. पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांत जे कळतं तेवढं पुरे. पण कथाच सांगायची नाही म्हटल्यावर मग लिहायचं काय, इथे नवा लिहिणारा अडतो आणि ‘छायाचित्रण अप्रतिम, पार्श्वसंगीत समर्पक, संकलन आणखी धारदार हवं होतं’ अशी विशेषणांची रांग लावतो. हा मजकूर कुठल्याही सिनेमाला चिकटवता येतो, म्हणून तो कुणाच्याच कामाचा नाही.

उदाहरणच घेऊ. समजा, निफाडकडच्या एका द्राक्ष बागायतदाराच्या घरावर सिनेमा आहे. ‘गारपिटीचा प्रसंग हृदयस्पर्शी झाला आहे’ असं लिहिलं तर वाचकाच्या हाती काही लागत नाही. त्याऐवजी: ‘गारपिटीनंतरच्या सकाळी कॅमेरा बागेत शिरतच नाही. तो ओसरीवर थांबतो. आई चूल पेटवते, मुलगा बँकेचं पासबुक शोधतो, बागेकडे कुणी पाहत नाही. पुढे गाणं सुरू होतं आणि हा सगळा संयम वाया जातो.’ यात प्रशंसा आहे, टीका आहे, आणि सिनेमा न पाहिलेल्यालाही तो कसा आहे याचा अंदाज येतो.

आणि इथे नाशिकमध्ये राहण्याचा फायदा आहे. त्याच सिनेमात भर पावसाळ्यात घडांनी लगडलेली बाग दाखवली असेल, तर मुंबईचा परीक्षक मान डोलावून पुढे जाईल. तुम्हाला माहीत आहे की एप्रिलची खरड छाटणी (नव्या फांद्यांसाठी), ऑक्टोबरची गोडी छाटणी (फळासाठी) आणि त्यानंतर जानेवारी ते एप्रिल माल, असं हे चक्र असतं. मालेगाव-सटाण्याकडची माणसं अहिराणीचा वाराही न लागलेलं ठोकळेबाज ‘गावरान’ बोलत असतील तर तेही तुम्हालाच खटकणार. अशा चुका मात्र मोजून मापून लिहा. गोष्ट त्यांच्यावर उभी असेल, जसं की छाटणीच्या कर्जावरच कथानक फिरतंय, तर ती मोठी चूक. नुसतीच मागे बाग दिसत असेल तर एक वाक्य पुरे. नाहीतर परीक्षणाचं चुका काढण्याचं पत्रक होतं, आणि वाचक दोन आठवड्यांत कंटाळतात.

तारे द्यायचे का? मी देत नाही. साडेतीन तारे म्हणजे ‘मला कुणाला दुखवायचं नाही’ एवढाच अर्थ उरलाय. द्यायचेच असतील तर अर्धा तारा बंद करा, निर्णय घ्यावा लागतो.

‘मराठी सिनेमा आहे, जरा सांभाळून लिहा’ हे तुम्हाला हमखास ऐकवलं जाईल. सांभाळून म्हणजे खोटं, असं असेल तर ऐकू नका. चौघांचं कुटुंब तिकिटं, पार्किंग आणि खाणं धरून हजाराच्या वर खर्च करतं. तुमच्या शिफारशीवर जाऊन ते फसलं तर पुढच्या चांगल्या मराठी सिनेमालाही जाणार नाही. पण छोट्या सिनेमाचं खरंच काही जमलं असेल तर ते शुक्रवारी रात्रीच लिहा. सोमवारी लिहिलेल्या कौतुकाचा त्याला उपयोग होत नाही, तोवर शो कमी झालेले असतात.

कायद्याचं थोडक्यात. समीक्षेसाठी कलाकृतीतला भाग उद्धृत करायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ परवानगी देतं. ती वाजवी वापरापुरतीच असते. अख्खं गाणं चिकटवायला नाही. लोकांपुढे ठेवलेल्या कलाकृतीबद्दल प्रामाणिक मत देणं मानहानीच्या अपवादांत बसतं. आता हा विषय भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. अभिनय ठोकळा आहे असं लिहा. नटीच्या लग्नाबद्दल, निर्मात्याच्या पैशांच्या उगमाबद्दल लिहू नका.

ओळखी आणि पैसे

नाशिक मोठं झालं तरी नाटक-सिनेमाचं नाशिक छोटंच आहे. कालिदास कलामंदिरात किंवा सायखेडकर नाट्यगृहात तुमच्या शेजारी बसून नाटक पाहणारा माणूस पुढच्या महिन्यात पडद्यावर इन्स्पेक्टर होऊन येतो. नियम सोपा ठेवा. तोंडओळख असेल तर परीक्षणात एका ओळीत सांगा. एकत्र काम केलं असेल, पैशांचा व्यवहार असेल, नात्यातला माणूस असेल तर त्या सिनेमावर लिहू नका, दुसऱ्याला लिहू द्या. राग येईल त्यांना. येऊ द्या.

पैसे घेऊन लिहायला सांगणारे भेटतातच. ‘प्रमोशनल पोस्ट’ घेणं बेकायदा नाही, पण ते परीक्षण म्हणून खपवणं चूक आहे. जाहिरात मानक परिषदेची २०२१ ची मार्गदर्शक तत्त्वं आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जानेवारी २०२३ मध्ये काढलेल्या सूचना, दोन्हीकडे एकच अट आहे: पैसे, भेटवस्तू, फुकट प्रवास, काहीही घेतलं असेल तर ते ठळकपणे सांगायचं, हॅशटॅगच्या गर्दीत लपवायचं नाही. माझा सल्ला त्याहून कडक आहे. ज्या सिनेमाची जाहिरात केली त्याचं परीक्षण करायचं नाही.

बोलायचं कुणाशी, आणि कधी

प्रदर्शनाआधीच्या आठवड्यात कलाकारांची टोळी नाशिकला येते. काळारामाचं दर्शन, एखाद्या कॉलेजात नाच, मिसळ खातानाचे फोटो, हॉटेलात पत्रकार परिषद, आणि संध्याकाळी पुण्याच्या रस्त्याला. त्यात तुम्हाला मिळतात सात मिनिटं, आणि त्या दिवशी तीच उत्तरं त्यांनी आधी दहा जणांना दिलेली असतात. जा, नंबर घ्या, पीआरवाल्या, म्हणजे प्रसिद्धीचं काम बघणाऱ्या मुलामुलींशी नीट ओळख करून घ्या, कारण निरोप पोचवणारी तीच असतात. मुलाखत मात्र तिथे मागू नका.

मागा दुसऱ्या आठवड्यात. तोवर गर्दी ओसरलेली असते, फोन वाजायचे थांबलेले असतात, आणि लोकांनी काय म्हटलं ते दिग्दर्शकानं ऐकलेलं असतं. तुमचं परीक्षणही छापून आलेलं असतं, त्यामुळे लपवण्यासारखं काही उरत नाही. निरोप असा धाडा:

‘नमस्कार सर, मी नाशिकहून सिनेमांवर लिहितो. तुमचा सिनेमा शनिवारी दुपारी तिकीट काढून पाहिला. परीक्षण सोबत आहे. उत्तरार्ध मला पटला नाही हे आधीच सांगतो. गारपिटीच्या प्रसंगाबद्दल तुमच्याशी वीस मिनिटं बोलायचं आहे. पुढच्या आठवड्यात कुठल्याही संध्याकाळी फोनवर चालेल. बोलणं रेकॉर्ड करेन आणि तुमच्या नावानं छापेन.’

अशा निरोपाला काही जण उत्तर देत नाहीत. जे देतात ते मोकळं बोलतात, कारण तुम्ही सिनेमा खरंच पाहिलाय हे त्यांना पहिल्या तीन ओळींत कळलेलं असतं.

नायक-नायिकेच्या मागे धावू नका. ते सगळ्यांना मिळतात. संकलकाला विचारा, ध्वनिआरेखकाला (साउंड डिझायनरला) विचारा, वेशभूषा करणाऱ्या ताईंना विचारा. सिनेमाचं चित्रीकरण नाशिक परिसरात झालं असेल तर ज्याच्या वाड्यात किंवा बागेत झालं त्याच्याशीही बोला. थिएटरच्या मॅनेजरशी बोलणं तर फार कमी जणांना सुचतं. कुठल्या शोला कोण येतं, मध्यंतरात कोण निघून जातं, सोमवारी काय झालं, हे त्यांना तोंडपाठ असतं. दर शुक्रवारी दिसणाऱ्या माणसाशी ते आपणहून बोलतात.

प्रश्न वहीतून काढा

‘भूमिकेची तयारी कशी केली?’ आणि ‘सेटवरचा एखादा किस्सा सांगा’ हे दोन प्रश्न कायमचे सोडून द्या. त्यांची उत्तरं पाठ झालेली असतात.

आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण बघा. १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके १९१३ मध्ये मुंबईहून बिऱ्हाड हलवून नाशिकला आले आणि इथेच सिनेमे करू लागले. ‘नवयुग’ मासिकात १९१७-१८ मध्ये त्यांनी आपल्या धडपडीवर लेखही लिहिले. फाळक्यांबद्दल आजही लोकांना काय आठवतं? कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी चित्रित करून त्यांनी भांडवल देणाऱ्यांना पटवलं. ‘राजा हरिश्चंद्र’मधल्या तारामतीच्या भूमिकेला बाई मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना उभं केलं. पैसे कुठून आले, कोण मिळालं नाही, मग काय जुगाड केला. प्रश्न याच जातीचे हवेत.

म्हणजे मघाच्या सिनेमाबाबत: ‘गारपिटीच्या सकाळी कॅमेरा ओसरीवरच थांबतो. बाग दाखवायला पैसे नव्हते, की आधीपासून तसंच लिहिलं होतं?’ उत्तर काहीही आलं तरी कामाचं. ‘गाणं तिथे कुणी मागितलं?’ हा दुसरा. ‘लोक त्या संवादावर हसले, तुम्हाला हसू अपेक्षित होतं का?’ हा तिसरा, आणि तो फक्त तिकीट काढून पाहिलेल्यालाच विचारता येतो. आठ-दहा प्रश्न लिहून न्या, पण पहिल्या दोनांच्या उत्तरांतून नवे प्रश्न निघाले तर कागद बाजूला ठेवा. अवघड प्रश्न अगदी शेवटाला नको, फोन ठेवायची घाई झालेली असते. बोलणं रंगात आल्यावर विचारा, आणि माणसावर न जाता प्रसंगावर बोट ठेवा. उत्तर आल्यावर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. थोडं गप्प राहिलं की समोरचा माणूस बहुतेकदा स्वतःहून पुढचं सांगतो.

प्रत्यक्ष भेटणार असाल तर जागा विचारपूर्वक निवडा. कॉलेज रोडवरच्या कॅफेत मिक्सर आणि गाणी रेकॉर्डिंग खाऊन टाकतात. कुणाचं तरी घर किंवा बंद खोलीचं ऑफिस सगळ्यात बरं. फोन एअरप्लेन मोडवर टाकून रेकॉर्ड करा, दुसरं एखादं यंत्र सोबत चालू ठेवा, आणि ‘रेकॉर्ड करतोय, चालेल ना?’ हे रेकॉर्डिंगमध्येच विचारा. ‘हे छापू नका’ असं कुणी म्हणालं तर तिथल्या तिथे ठरवा: नेमकं काय छापायचं नाही, आणि कुठपासून पुन्हा छापायचं. मोघम ठेवलं तर नंतर भांडण ठरलेलं. जुनी मैत्री असली तरी लेखात अहो-जाहोच ठेवा. वाचकाला तुमची सलगी बघायची नसते.

छापण्याआधी आणि छापल्यावर

बोलणं त्याच रात्री उतरवून काढा. ‘म्हणजे’, ‘ॲक्च्युअली’ गाळा, पण बोलण्याची ढब ठेवा. कळवणचा माणूस छापून आल्यावर सदाशिव पेठेतला वाटता कामा नये. नावं, वर्षं, आकडे पुन्हा विचारून पक्के करा. पूर्ण लेख आधी वाचायला मागितला तर नम्रपणे नाही म्हणा. त्यांच्या तोंडची वाक्यं तपासायला देणं पुरेसं आहे.

परीक्षणावर चिडून फोन येतील. नीट ऐकून घ्या. माहिती चुकली असेल, एखाद्याचं नाव चुकलं असेल, तर ताबडतोब सुधारा आणि सुधारल्याची ओळ खाली लिहा. मत बदलायला सांगत असतील तर बदलू नका. त्यांचं म्हणणं त्यांच्या नावानं छापायची तयारी दाखवा.

प्रत्येक परीक्षणाखाली तारीख, थिएटर, शोची वेळ आणि प्रमाणपत्रावरची लांबी लिहून ठेवा. थिएटरातला सिनेमा ओटीटीवर येताना कधी कापला जातो, कधी वाढतो, कधी गाणंच गायब होतं. दोन महिन्यांनी कुणी विचारलं की तुम्ही लिहिलेला प्रसंग सिनेमात नाहीच, तर वही आणि ती एक ओळ काढून दाखवता येते.